दहा डॉलरचं लक्ष

हौशी मोटारसायकल शर्यतीचा हिशेब कुणी कागदावर मांडत नाही. मांडला तर खेळ तिथेच संपेल. कोल्हापूरला खेटून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ धरायचा आणि बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर, बंगळूर, वेल्लोर करत तो सोडायचाच नाही. नऊशेहून जास्त किलोमीटर झाले, की चेन्नईच्या थोडं अलीकडे इरुंगट्टुकोट्टई येतं. हे नाव एका दमात म्हणून होईपर्यंत गाव मागे पडतं. तिथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे, बारा वळणांचा, सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा. माझ्या भाच्याची शर्यत सहा फेऱ्यांची, म्हणजे बावीस किलोमीटरची होती. त्यातल्या दुसऱ्याच फेरीत, तिसऱ्या वळणावर तो पडला. टेम्पोत जाऊन-येऊन अठराशे किलोमीटर आणि शर्यतीत पुरते पाचही नाहीत. एवढा प्रवास करून इतकं थोडं दर्शन फक्त तिरुपतीलाच मिळतं.

त्याला काही लागलं नाही, हे आधी सांगतो, कारण त्याच्या आईलाही हेच आधी सांगावं लागलं. वळणात पुढचं चाक सरकलं, गाडी आडवी झाली आणि हा तिच्या मागोमाग पाठीवरून घसरत मातीत गेला. ब्रेकचा लिव्हर तुटला, फुटरेस्ट वाकला, चामड्याच्या सूटला खांद्यावर एक लांबलचक ओरखडा पडला. डोक्याला मार नाही ना हे पाहायला डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता? याने वार सांगितला, तारीख सांगितली आणि कुणी न विचारता पहिल्या फेरीची वेळही सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगितली. मेंदू ठीक आहे, असं डॉक्टरांचं मत पडलं. मला नेमकी तिथेच शंका आली.

पण पडणं ही काही निराशेची गोष्ट नव्हे. पडण्यात एक शान असते. माणूस पॅडॉकमध्ये लंगडत फिरतो, लोक चहा देतात, ओरखड्याला हात लावून बघतात. खरं वाईट झालं ते रविवारी, दुसऱ्या शर्यतीत. रविवारी तो पडला नाही.

रात्रभर जागून लिव्हर बदलला होता, फुटरेस्ट ठोकून सरळ केला होता. मी फेऱ्या लिहून दाखवायचा पिट बोर्ड धरून भिंतीशी उभा. पहिल्या फेरीतच दिसलं, की गाडीवर बसलेला माणूस वेगळाच आहे. शुक्रवारच्या सरावातल्या स्वतःच्याच वेळेपेक्षा हा फेरीमागे चार सेकंद हळू. तिसरं वळण जवळ आलं की पाठ ताठ, कोपर सरळ, आणि मागून येणाऱ्याला एवढ्या सौजन्याने वाट देणं, की तपासणीआधी गाडीचे इंडिकेटर काढून टाकलेले नसते तर तेही दाखवले असते. शेवटून दुसरा आला. शेवटच्याची चेन उतरली होती. मी बोर्डावर काय लिहावं या विचारात पडलो आणि शेवटी फक्त फेऱ्या लिहीत राहिलो. 'जेवायला चल' हे पिट बोर्डावर लिहिण्याची पद्धत अजून तरी नाही.

परतीच्या प्रवासात कारणमीमांसा सुरू झाली. नीट ऐकलं तर ती भूगोलाप्रमाणे बदलते. वेल्लोरपर्यंत दोष टायरचा होता. "टायर गरमच झालं नव्हतं ओ, मामा." मी म्हटलं, "अरे, चेन्नईत पायातली चप्पल गरम होते." अंबूरला बिर्याणी खाल्ली आणि टायर निर्दोष सुटलं. तिथून कृष्णगिरीपर्यंत पुढच्या गाडीवाल्याचा दोष, त्याने वळणात अवेळी ब्रेक मारला. बंगळूरच्या गर्दीत गिअरिंग चुकीचं ठरलं. तुमकूरला सस्पेन्शन. चित्रदुर्गचा किल्ला दिसायला लागला तशी चर्चा व्यापक झाली, आपल्याकडे स्पॉन्सर नाहीत. दावणगेऱ्याला क्रिकेटचा उद्धार झाला. हुबळी येईपर्यंत देशाचं एकूण क्रीडा धोरण तपासून झालं होतं आणि त्यात काही राम उरला नव्हता. धारवाडला पेढे घेतले. त्यानंतर बराच वेळ गाडीत कुणी बोललं नाही. बेळगावला तो म्हणाला, "माझंच चुकलं, मामा. आपला हा प्रांतच नव्हे. गाडी विकतो." निपाणीपर्यंत विकायचं पक्कं झालं. कागलच्या नाक्यावर त्याने विचारलं, पुढच्या राउंडची एंट्री फी कधीपर्यंत भरायची असते?

हौशी खेळाडूची निवृत्ती दोन तालुक्यांच्या पलीकडे टिकत नाही. त्यामुळे मी तिची काळजी करत नाही. काळजी असते ती पुढच्या चार-सहा आठवड्यांची. शरीर शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कामाला जातं, जेवतं, झोपतं. मन मात्र इरुंगट्टुकोट्टईच्या तिसऱ्या वळणावर मातीत बसून असतं. आणि ते तिथून उठू नये याची जबाबदारी घरच्यांनी आणि गल्लीने वाटून घेतलेली असते.

घरी गाडी उतरवली. शर्यतीच्या गाडीला स्टँड नसतो, म्हणून ती तुळशीवृंदावनाला टेकवून ठेवली. माझ्या बहिणीने आधी मुलाची दृष्ट काढली, मग उरलेल्या मीठ-मोहऱ्यांत गाडीचीही काढली आणि हँडलला लिंबू-मिरची बांधली. ट्रॅकवरचे तपासनीस लोंबणारी कुठलीही वस्तू गाडीवर ठेवू देत नाहीत, हे तिला सांगायची कुणाची हिंमत नव्हती. जोतिबाचा गुलाल हेल्मेटच्या आत लावायचा, बाहेर दिसत नाही, अशी तडजोड झाली. दाजींनी एकच प्रश्न विचारला. "खर्च किती आला?" आकडा ऐकून ते पेपर वाचायला लागले. पेपर आदल्या दिवशीचा होता.

मग गल्ली. "काय, नंबर आला का?" हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, पण भाचा देतो. दूधवाल्याला सांगताना तो चौथ्या नंबरावरून पडला. पानपट्टीवर तो तिसरा झाला. शुक्रवारपर्यंत, माझ्या कानांनी ऐकलं, तो आघाडीवाल्याच्या अगदी मागच्या चाकाला लागून होता आणि रस्त्यावर तेल सांडलेलं होतं. प्रत्यक्षात तो अकरावा होता आणि तेल फक्त अंबूरच्या बिर्याणीत होतं. यात खोटेपणा नाही. माणूस एखादी गोष्ट जितक्यांदा सांगतो तितक्यांदा ती पुन्हा करतो, आणि प्रत्येक वेळी थोडी दुरुस्त करतो. पंचाईत अशी, की दुरुस्त होते ती गोष्ट. वळण आहे तसंच राहतं.

गल्लीच्या टोकाला एक बैलगाडी शर्यतवाले आजोबा राहतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या तेव्हा त्यांनी बैल विकले नाहीत, नुसते पोसले. २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि आजोबांचा जन्म पुन्हा सुरू झाला. सांत्वनाला आलेल्यांत फक्त त्यांनीच नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हरल्यावर गाडीवान आठ दिस बोलत न्हाई. मालक आठ दिस गप बसत न्हाई. बैल मातूर घरी आला की पेंड खातो." चहा पिऊन निघून गेले. मानसशास्त्राची बरीच पुस्तकं माझ्या चाळण्यात आली आहेत, इतक्या कमी शब्दांत विषय संपवलेला पाहिला नव्हता. भाच्यावर परिणाम इतकाच झाला, की त्या रात्री त्याने तीन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्याचे स्वतःचे गुरू मात्र परदेशात असतात. हेडन आणि रॉसीची गोष्ट त्याला पाठ आहे आणि आता मलाही. २००६ साल, मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकल शर्यतींची जागतिक अजिंक्यपद मालिका. अमेरिकेचा निकी हेडन अजिंक्यपदाच्या शर्यतीत पुढे, फक्त दोन शर्यती बाकी. पोर्तुगालमध्ये एस्टोरिलला त्याच्याच संघाचा डॅनी पेड्रोसा घसरला आणि जाताना हेडनलाही घेऊन गेला. परक्याने पाडलं तर माणूस शिव्या देऊन मोकळा होतो. हेडनला पाडणारा एकाच मालकाचा पगार घेणारा, एकाच गॅरेजमध्ये गाडी लावणारा. हेडनचा प्रतिस्पर्धी व्हॅलेन्टिनो रॉसी आठ गुणांनी पुढे गेला. दोन आठवड्यांनी व्हॅलेन्सियाला शेवटची शर्यत. तिथे पडला रॉसी. सावरून तेरावा आला, हेडन तिसरा आला आणि पाच गुणांनी जगज्जेता झाला. भाचा इथे थांबून माझ्याकडे बघतो. "दोन आठवडे, मामा. फक्त दोन आठवड्यांत त्याने ते डोक्यातून काढलं."

मला या गोष्टीत हेडनपेक्षा रॉसीचं दुःख जास्त आवडतं. एस्टोरिलला रॉसी दुसरा आला होता. टोनी एलियास त्याच्या पुढे होता तो ०.००२ सेकंदाने. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २०. ते पाच मिळाले असते तर शेवटी दोघांचे गुण सारखे झाले असते आणि जास्त शर्यती जिंकल्यामुळे अजिंक्यपद रॉसीला गेलं असतं. सेकंदाचे दोन हजारांश! डोळ्याची पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. एवढ्या अंतराने हुकलेला माणूस आयुष्यभर जर-तर करत बसला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. रॉसीने २००८ आणि २००९ ही दोन्ही वर्षं पुन्हा अजिंक्यपद घेतलं. आमचा अकराव्या नंबरावरचा गृहस्थ मात्र चार सेकंदांचं जर-तर सांभाळत होता. त्यात रॉसीची दोन हजार दुःखं बसतात.

मोटोजीपीतल्याच मार्क मार्केझची गोष्ट त्याने आईला सांगितली, ती सांगायला नको होती. २०२० च्या जुलैत हेरेझला मार्केझचा उजवा दंड मोडला. मंगळवारी ऑपरेशन करून प्लेट बसवली आणि शनिवारी हा पुन्हा गाडीवर. त्या दिवशी झेपलं नाही, माघार घेतली. मग घरी असताना ती प्लेट गेली, आणि जाहीर झालेलं कारण होतं खिडकी उघडणं. पुढे आणखी ऑपरेशनं, दुखणं, पडणं, आणि अखेर २०२५ मध्ये पुन्हा जगज्जेता. भाच्याला यातून सांगायचं होतं, की जिद्द काय असते. आईने त्यातून एवढंच घेतलं, की ताशी तीनशेने जाणारा माणूस खिडकीने जायबंदी होतो. तेव्हापासून आमच्या घरात सगळ्या खिडक्या तीच उघडते.

मग कुणीतरी त्याला सांगितलं, की डोळे मिटून मनात फेरी मारायची. हा प्रकार खरा आहे, मोठे खेळाडूही करतात. स्टॉपवॉच चालू करायचं, मनातल्या मनात पूर्ण ट्रॅक फिरायचा, ब्रेक कुठे, गिअर कुठे, नजर कुठे, आणि शेवटची रेघ ओलांडली की घड्याळ बंद. मनातली वेळ आणि ट्रॅकवरची वेळ जवळपास जुळायला हवी. भाचा अंगणात प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसला, हातात केरसुणीचा दांडा आडवा धरला, हेल्मेट घातलं आणि झुकायला लागला. रस्त्याने जाणारी माणसं थांबली. शेजारच्या काकूंनी बहिणीला हळूच विचारलं, डॉक्टरला दाखवलं का?

पहिल्या फेरीची मनातली वेळ आली एक मिनिट एकतीस सेकंद. प्रत्यक्षात हा दोन मिनिटांच्या आत कधी आलेला नाही. म्हणजे हा मनात जगज्जेता होता, हे कळलं. "हळू चालव," मी म्हटलं. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या वळणावर तो स्टुलावरून पडला. खोटं नाही सांगत. मनात पुढचं चाक सरकलं, आणि खाली अंगणात स्टूल सरकलं. पुन्हा बसला. या वेळी तिसरं वळण पार झालं, चेहऱ्यावर जरा तेज आलं, आणि घरातून हाक आली, "अरे, गॅसवरचं दूध बघ, वर येतंय!" शर्यत लाल निशाणावर थांबली.

याच काळात त्याच्या हाती कीथ कोडचं पुस्तक पुन्हा आलं. हे कोड म्हणजे अमेरिकेतले मोटारसायकल शिकवणारे मोठे मास्तर. त्यांचं 'अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट' १९८३ सालचं. त्यात त्यांनी एक साधी गोष्ट मांडली आहे, की गाडी चालवणाऱ्याच्या खिशात दहा डॉलरचं लक्ष असतं. त्यापेक्षा जास्त कुणाकडे नसतं. नवशिक्याचे पाच डॉलर क्लचवरच जातात, सरावलेल्याचे पाच-दहा सेंट. उरतील तेवढ्यात ट्रॅक बघायचा.

मी त्याला म्हटलं, रविवारचा हिशेब मांड. दाजी खोलीत असल्यामुळे खर्चाचा विषय त्याला आवडला नाही, पण मांडला. चार डॉलर शनिवारच्या पडण्यावर. दोन, लिव्हरचे पैसे कुणाकडून उसने घेतले त्यावर. एक, मामा बोर्डावर काय लिहितोय यावर. एक, निघताना वडील म्हणाले "पडू नकोस" त्यावर. राहिले दोन. दोन डॉलरमध्ये कोल्हापुरात मिसळ येते, वरून ताकही. चेन्नईत वळण येत नाही.

"पडू नकोस" या सूचनेबद्दल मला स्वतंत्र लिहायचं आहे. मोटारसायकलचा नियम असा, की नजर जिथे जाते तिथे गाडी जाते. खड्ड्याकडे बघणारा खड्ड्यात जातो, हे आपल्याकडे प्रत्येक दुचाकीस्वाराने अनुभवलेलं आहे, फक्त आपल्याकडे बघायला दुसरं काही नसतं. "पडू नकोस" म्हटलं की माणूस पडण्याकडेच बघायला लागतो. "सकारात्मक विचार कर" हे त्याचंच धाकटं भावंड. सकारात्मक विचार करायला सांगितलेला माणूस आधी नकारात्मक विचार हुडकून काढतो, कारण त्याशिवाय घालवणार काय? घरातल्या ग्रुपवर रोज सकाळी उगवत्या सूर्यासह येणाऱ्या या सल्ल्यांनी भाच्याचे उरलेले दोन डॉलरही संपवले होते.

त्याला बाहेर काढलं ते फाउंड्रीने. कोल्हापूरची माणसं ओतकामात निम्म्या जगाला ऐकत नाहीत, आणि भाचा तिथे क्वालिटीला आहे. त्याचं काम म्हणजे रद्द झालेले पार्ट. रोज ब्लो होल निघतात, श्रिंकेज निघतं, वाळू अडकते. तिथे हा अत्यंत शांत असतो. पार्ट फिरवून बघतो, चिमटीत धरून उजेडात नेतो, रजिस्टरला नोंद करतो आणि पुढचा घेतो. खराब निघालेल्या कास्टिंगवर याने कधी क्रिकेटचा राग काढलेला नाही.

एक दिवस मशीनशी उभा राहून तो तिसऱ्या वळणाची गोष्ट सातव्या की आठव्या कामगाराला सांगत असताना साहेब मागे येऊन थांबले. ऐकलं सगळं. मग ड्रॉवरमधून छापील फॉर्म काढून त्याच्या हातात दिला. आमच्या एमआयडीसीत त्याला व्हाय-व्हाय म्हणतात. दोष लिहायचा, मग खाली पाच वेळा 'का?' विचारायचं, प्रत्येक उत्तरावर पुढचा 'का'. "संध्याकाळपर्यंत भरून दे," साहेब म्हणाले, "आणि 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहिलंस तर परत करीन. ते कारण न्हाई, ती शिवी हाय."

तो फॉर्म मी पाहिला. दोष: पुढचं चाक सरकलं. का? गाडी झुकलेली असताना पुढचा ब्रेक दाबला. का? पुढचा गाडीवाला अचानक जवळ आला. का? त्याच्याकडेच बघत होतो, वळणाच्या बाहेर पडायच्या टोकाकडे नाही. का? त्याला त्याच फेरीत मागे टाकायचं ठरवलं होतं. का? पाचव्या रकान्यात दोन-तीन वेळा खोडून शेवटी लिहिलं होतं: पानपट्टीवर सांगून आलो होतो, पहिल्या पाचात येतो म्हणून.

त्यात टायर नव्हतं, तेल नव्हतं, क्रीडा धोरण नव्हतं. उपायाच्या रकान्यात त्याने लिहिलं: एक, नजर वळणाच्या टोकावर. दोन, पानपट्टी बंद. साहेबांनी सही केली आणि खाली शेरा मारला, उपाय क्रमांक दोन एक महिना तपासणे. तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी रोज तिथे जातो.

आश्चर्य म्हणजे त्या कागदानंतर तो गप्प झाला. रुसलेला गप्प वेगळा आणि कामाला लागलेला गप्प वेगळा. संध्याकाळी वृंदावनाशी बसून चेनला तेल, बोल्टना लॉकिंग वायर, वहीत टायरचा दाब, कुणी विचारलं "काय रे, कसं झालं तिकडं?" तर "पडलो" एवढंच उत्तर. पडलो म्हटलं की विचारणाऱ्याला पुढे विचारायला काही राहत नाही. गल्लीचा या विषयातला रस आठवड्याभरात संपला. स्टुलावरची फेरी दोन मिनिटं चार सेकंदांवर आली, ती त्याच्या खऱ्या वेळेच्या अगदी शेजारी. काकू आता त्याला बाजूने जाताना विचारतात, कितवी फेरी?

पुढच्या राउंडला मी बोर्ड घेऊन पुन्हा भिंतीशी उभा होतो. दाजींनी निघताना "पडू नकोस" म्हणायला तोंड उघडलं आणि बहिणीने त्यांना डबा उचलायला लावला. सरावाची पहिली दहा मिनिटं झाली. तिसऱ्या वळणावर मान वळलेली, कोपर सैल, एकदम व्यवस्थित, फेरीनंतर फेरी. मी बोर्डावर ठळक अक्षरांत वेळ लिहून दाखवायला लागलो. तो पिटमध्ये आला, हेल्मेट काढलं, गुलालाने कपाळ लाल झालेलं.

"मामा, तिसरं वळण एकदम नादखुळा गेलं!"

"बघितलं की."

"सगळे दहा डॉलर तिथंच घातले ओ. नवव्याला काय उरलंच न्हाई. दोनदा पडता पडता वाचलो."

व्हाय-व्हायचा फॉर्म आम्ही एकच आणला होता. इरुंगट्टुकोट्टईत झेरॉक्सचं दुकान कुठे मिळेल हे मी तमिळमध्ये विचारत हायवेकडे निघालो. मागून त्याने ओरडून सांगितलं, "दोन्ही बाजूंनी काढा, मामा, अजून दहा वळणं हाईत!"